सोबतीला भिकुबाई

आमच्या गावात कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली की घरातली माणसं आधी दोनच गोष्टी बघायची. भुसावळकडे जाणारी एसटी कधी आहे, आणि भिकुबाई मोकळी आहे का.

गाव सावद्याजवळ. चहूकडे केळी आणि मधे घरं. भिकुबाई म्हणजे शालिग्राम पाटलाची मोठी बहीण. शालिग्राम तिला अक्का म्हणायचा, म्हणून त्याची बायको आणि पोरंही अक्काच म्हणायची, आणि पुढे सगळं गावच म्हणायला लागलं. लग्न झालं होतं तिचं, रावेरकडे. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली. परत जा असं तिला कुणी म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही. ती राहिली.

पहिल्यांदा ती दवाखान्यात राहिली ती बापासाठी. म्हातारा बैलगाडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. भुसावळला ठेवावं लागलं. शालिग्रामला शेत होतं, त्याची बायको कुंदाबाई हिच्या अंगावर पोर होतं. मग कोण जाणार? अक्का मोकळीच आहे. त्यानंतर कुंदाबाईचं बाळंतपण अडलं तेव्हा अक्का. चुलत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अक्का. मग शेजारीपाजारीही विचारायला लागले. "ती मोकळीच आहे" हे वाक्य लोक तिच्याबद्दल इतक्या वेळा बोलले की पुढे पुढे कुणी दारात आलं तर तीच म्हणायची, "मी काय, मोकळीच हाये."

ती तिथं फार काही करायची असं नाही. केसपेपरच्या रांगेत उभी राहायची, किटलीतून चहा आणायची, लघवीचं भांडं द्यायची, ओले कपडे गच्चीवर वाळत घालायची आणि उरलेला वेळ खाटेच्या पायाशी बसून राहायची. परत आली की डोळे खोल गेलेले असायचे. चौकटीत पाय ठेवला की कुंदाबाई चुलीपाशी बसूनच म्हणायची, "आल्या का? बरं झालं," आणि घासायच्या भांड्यांकडे बघायची.

सुकदेव हा शालिग्रामचा थोरला मुलगा. दिसायला देखणा, बोलायला गोड. सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याच्या तक्रारी यायला लागल्या. कुणाच्या पोराला ढकललं, कुणाच्या कोंबडीचा पाय मोडला, मास्तरांच्या सायकलीची हवा सोडली. विचारलं तर डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, "मी नाई केलं." मास्तर मारायचे, घरी बाप मारायचा. बारा वर्षांचा असताना त्यानं गल्लीतल्या जीवरामची कडब्याची गंजी पेटवून दिली. शालिग्रामनं त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून दोरानं मारलं. लोक सोडवायला धावले तेव्हा पोरगं रडत नव्हतं. बापाकडे बघत होतं फक्त.

नववीत शाळा सुटली. मग तो सावद्याला, हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायला लागला. घरच्यांना वाटलं, काहीतरी शिकतोय. शिकला ते वेगळंच. ट्यूब चिकटवायचं सोल्युशन रुमालावर घ्यायचं, रुमाल नाकातोंडावर धरायचा आणि जोरानं ओढायचं. पुढे ट्रकवाल्यांसोबत गांजा आला, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. कुंदाबाई आडवी गेली तर त्यानं पाटा उचलून तिच्या दिशेनं फेकला. पायावर पडता पडता राहिला. त्यानंतर कुंदाबाई त्याला ताट वाढून लांबूनच सरकवायची.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यानं तोताराम भंगाळेच्या मळ्यात कोयता चालवला. केळीचा बाग ऐन निसवलेला, घड बाहेर पडलेले. भरदुपारी त्यानं एका कडेनं खोडं तोडायला सुरुवात केली. तोतारामचा सालदार ओरडत आला तेव्हा आडव्या पडलेल्या खोडांवर सुकदेव बसला होता, रुमाल तोंडाशी, आणि हसत होता. तोतारामशी त्याचं काही भांडण नव्हतं. का तोडल्या म्हणून विचारलं तर म्हणाला, "पडताना आवाज चांगला येतो."

केळीच्या गावात लोक पुष्कळ माफ करतात, पण उभा बाग कापला तर नाही. फौजदार आला. पोरगं अजून सोळाच्या आतलं, म्हणून रिमांड होमची गोष्ट निघाली. शालिग्रामनं हातापाया पडून, नुकसान भरून देऊन तोतारामला गप्प केलं. सावद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "धुळ्याला एक दवाखाना आहे मनाच्या आजारांचा. तिथं दाखवा, ठेवून घेतील." शालिग्रामला तेवढंच हवं होतं. पोरगं गावाबाहेर गेलं पाहिजे.

सोबतीला कोण जाणार, हे कुणी विचारलंच नाही. भिकुबाईची पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, तीही कुंदाबाईनं.

धुळ्याचा तो दवाखाना एका ट्रस्टनं चालवलेला, पांझरेच्या पलीकडे, निंबाच्या झाडांत होता. मोठ्या माणसांचा वॉर्ड वेगळा, बायकांचा वेगळा, आणि मधे पोरांची एक लांबट खोली. तिथं सुकदेवसारखे चार-पाच होते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक, जळगावच्या एका व्यापाऱ्याचा एक, बाकीचे इकडचे-तिकडचे. कुणी पावडरीवर, कुणी गोळ्यांवर, कुणी नुसताच हाताबाहेर गेलेला. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस राहायचं. जमिनीवर चटई टाकून, खिडकीला पिशवी अडकवून.

पहिले दिवस सुकदेवला भयंकर गेले. अंग मोडायचं, घाम यायचा, उलट्या व्हायच्या. तो भिकुबाईला आईवरून शिव्या द्यायचा. तिनं भरवायला घेतलेली खिचडी त्यानं तिच्याच अंगावर उडवली. ती लुगडं धुऊन आली आणि पुन्हा बसली. मग एक दिवस तो एकदम गोड झाला. तिचे पाय दाबायला लागला.

"अक्का, तूच मही माय. त्या घरात मले दुसरं कोनी नाई."

भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तिचे पाय कुणी दाबले नव्हते.

"अक्का, बाहेर सायकलचं दुकान हाये. सोल्युशनची एक लहानी ट्यूब आन ना. एकच बार. तुही शपथ."

तिनं पाय ओढून घेतले. सोल्युशन तिनं आणलं नाही. पण तो दिवसभर पाठीमागे लागला, डोकं भिंतीवर आपटायला लागला, तेव्हा संध्याकाळी ती टपरीवर गेली आणि त्याच्यासाठी बिडीबंडल घेऊन आली. निदान थोडा वेळ शांत बसेल म्हणून. बसलाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना ते कळलं.

डॉक्टर वाणी पन्नाशीचे होते. हळू बोलायचे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, त्यानं आदळआपट केली आणि त्याला हवं ते मिळालं. आता तो रोज आदळआपट करेल."

"मंग मी काय करू, साहेब? मले बसवत नाई आता."

"कळतंय मला."

"याले काय झालं हाये? वेड लागलं का?"

"नाही. वेड नाही हे. वागणुकीचा आजार म्हणा. खोटं बोलणं, चोरणं, दुसऱ्याला दुखावणं, नियम मोडणं. लहानपणापासून वाढत आलेलं असतं. त्यात नशा मिसळली की आग आणि रॉकेल एकत्र. नशा आम्ही सोडवू शकतो. झोपेची, चिडचिडीची गोळी देऊ शकतो. पण वागणं गोळीनं बदलत नाही. त्याला सगळ्या घरानं एकत्र येऊन काहीतरी करावं लागतं."

भिकुबाईनं जरा विचार केला. "मंग इथी कायले ठेवलं?"

"नशा सुटावी म्हणून," डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि घरच्यांना थोडा विसावा मिळावा म्हणून."

भिकुबाई हसली. खूप दिवसांनी हसली असावी. विसावा कुणाला मिळत नव्हता, ते मग डॉक्टरांच्याही लक्षात आलं.

त्या दवाखान्यात तिला एक मैत्रीण भेटली. सुगंधाबाई, साक्रीकडची. तिची पोरगी बायकांच्या वॉर्डात होती, सतरा वर्षांची, घरातून पळायची आणि झोपेच्या गोळ्या खायची. पहिल्या दिवशी नळावर सुगंधाबाईनं हिच्या हातातली बादली घेतली आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "तुन्हं गाव कोनतं शे, बहिन?"

भिकुबाईनं सांगितलं. मग तिनंही विचारलं, तुझ्या घरचं दुसरं कुणी येत नाही का.

"बठ्ठा थकी ग्यात," म्हणजे सगळे थकून गेले, असं सुगंधाबाई म्हणाली. "मी एकलीच शे आठे."

दोघी रोज दुपारी निंबाखाली बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. एकीची बोली दुसरीला अर्धी समजायची, पण तेवढं पुरायचं. एक जण डोळे मिटून पडली की दुसरी जागी राहायची आणि दोन्ही वॉर्डांच्या दारांकडे लक्ष ठेवायची. भिकुबाई पुढे सांगायची की तिच्या सगळ्या दवाखान्यांत बिनघोर झोप तिला तिथंच लागली, त्या झाडाखाली, अर्धा-अर्धा तास.

महिना उलटला. सुकदेवच्या अंगावर मांस चढलं, चेहरा उजळला. नर्सबाईंना तो ताई म्हणायचा, झाडूवाल्याला मदत करायचा. सगळे म्हणायला लागले, सुधारला. त्याच्याच खोलीतली पोरं मात्र त्याला भिऊन असायची. रेल्वे कॉलनीतल्या पोराच्या दंडावर काळे-निळे डाग दिसले तेव्हा त्यानं पडलो म्हणून सांगितलं.

सकाळी नर्स गोळ्या द्यायला आली की सुकदेव गोळी गालात सरकवतो, हे भिकुबाईनं एक-दोनदा पाहिलं होतं. पाहिलं, आणि ती काही बोलली नाही. बोललं की तमाशा, तमाशा झाला की दिवस गेला. तिला वाटलं, एखाद्या गोळीनं काय होतं.

एक दिवस दुपारी ती झाडाखाली पडली असताना आतून आरडाओरडा झाला. सुकदेव खाटेवर आडवा, तोंडाला फेस, हाक मारली तर उत्तर नाही. त्यानं नुसत्या स्वतःच्या नव्हे, सगळ्या पोरांच्या गोळ्या रोज गोळा केल्या होत्या. धमकावून घ्यायचा. उशीच्या खोळीत साठवल्या आणि त्या दुपारी एकदम गिळल्या. मरायचं होतं म्हणून नाही. काय होतं ते बघायचं होतं.

डॉक्टर वाणी जेवण टाकून आले. नळी घालून पोट धुतलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "अक्का, त्या भुसावयवाल्यानं मले देल्ल्या जबरदस्तीनं." तेव्हाही खोटं.

भिकुबाई बाहेर जाऊन पायरीवर बसली. डॉक्टर तिच्याजवळ आले आणि चक्क पायरीवरच बसले.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "गालात ठेवताना. बोलली नाई मी."

"आमच्याही लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "बाई, त्याच्या बापाला घेऊन या. दोनदा निरोप दिला मी. तुमच्या एकटीनं हे होणार नाही. तुम्ही स्वतःच आता आजारी दिसता."

सुकदेववर लक्ष ठेवायचं सुगंधाबाईनं कबूल केलं. भिकुबाई सकाळच्या एसटीत बसली. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. खिडकीबाहेर काय काय गेलं ते तिला कळलं नाही. भुसावळला कंडक्टरनं तिला हलवून उठवलं.

घरी पोचली तेव्हा दुपार होती. ओट्यावर शालिग्राम मजुरांच्या मुकादमाशी बोलत बसला होता. सावदा स्टेशनला केळी भरायच्या वॅगन लागल्या होत्या, घडांची कटाई सुरू होती. बहिणीला बघून तो म्हणाला, "काय व अक्का? पोरगं कुठी?"

तिनं सगळं सांगितलं. मुकादमासमोरच सांगितलं. शालिग्रामचा चेहरा काळवंडला, पण तो उठला नाही.

"डाक्टर म्हनतो, बापाले आना."

"मी येऊन काय करू? मी काय डाक्टर हाये? माल तोडून पडेल हाये इथी. तू हाये ना तिथी."

"मी नाई जात आता."

शालिग्रामला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मी नाई जात," भिकुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुहं पोरगं हाये. तू जाय."

एवढं बोलून ती आत गेली. आतल्या खोलीत गोणपाटावर तशीच, धुळीच्या पायांनी आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. दमली असेल, उठेल. संध्याकाळी कुंदाबाईनं चहा नेऊन ठेवला. तो तसाच निवला. दुसऱ्या दिवशी कुंदाबाई म्हणाली, "अक्का, तिथी पोरगं एकटं हाये. तुमच्या जिवाले बरं वाटते का असं?"

"नाई वाटत," भिकुबाई म्हणाली.

"मंग?"

"मंग तू जाय. माय हाये ना तू त्याची."

कुंदाबाई उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, मला भीती वाटते त्याची. जन्म दिला मी त्याला आणि मला त्याच्या हातांची भीती वाटते. भिकुबाई उठून बसली. दोघी नणंद-भावजय बराच वेळ तिथंच बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या दोघी कामाशिवाय एकमेकींजवळ अशा बसल्याच नव्हत्या.

गल्लीत चर्चा झाली. काही बायका म्हणाल्या, म्हातारीला माज आला. तोताराम भंगाळे, ज्याचा बाग कापला गेला होता, तोच शालिग्रामच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "शालिग्रामभाऊ, तुमची कटाई मी पाहून घेतो. तुम्ही जा." नुकसान झालेला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर शालिग्रामला बसवलं नाही. तो धुळ्याला गेला.

आठवडाभरानं परत आला. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी तुटलेली. तिथं काय झालं ते त्यानं त्या दिवशी एकट्या बहिणीला सांगितलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मलाही सांगितलं. पहिले दिवस पोरगं त्याच्याशी बोललंच नाही. मग डॉक्टरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. सुकदेवनं विचारलं, "तुम्ही मले पाह्यले आले का डाक्टरनं बलावलं म्हनून आले?" शालिग्राम डॉक्टरांकडे बघायला लागला. मग सुकदेव शिव्या द्यायला लागला आणि शालिग्रामचा हात उठला. डॉक्टरांच्या समोर, त्यांच्याच खोलीत. हात वरच्यावर थांबला, पण पोरगं टाळ्या वाजवून हसलं. "पाहा डाक्टर, पाहा. बस, इतकंच येते याले." आणि हसता हसता त्याचं रडणं सुरू झालं, ते थांबेच ना. शालिग्राम बाहेर येऊन नळापाशी बसला. सुगंधाबाईनं त्याला चहा दिला.

"अक्का, ते पोरगं शिव्या देते अन् रडते, रडते अन् शिव्या देते," शालिग्राम म्हणाला. "तू कशी राहली व तिथी इतके दिवस?"

"राहली. दुसरं कोन जानार होतं?"

गुंडी तुटली होती तिथला दोरा शालिग्रामनं ओढून काढला. मग म्हणाला, "आता तू जाशीन का?"

"कुंदा जाईन आता. मंग तू. मंग मी. फिरून फिरून."

तसंच झालं. कुंदाबाई पहिल्यांदा गेली तेव्हा शालिग्राम तिला सोडायला गेला आणि दारातून परत फिरायचं धैर्य होईना म्हणून तोही दोन दिवस राहिला. भिकुबाई आपली पाळी आली की जायची. पाळी संपली की कुणाचीही वाट न बघता पिशवी उचलायची.

या सगळ्यानं सुकदेव सुधारला असं लिहायला मला आवडलं असतं. पोळ्याच्या सुमारास तो घरी आला. चार-सहा महिने बरे गेले. तोताराम म्हणाला, मळ्यात कामाला पाठवा, नजरेसमोर राहील. सुकदेव चार दिवस गेला, पाचव्या दिवशी पाण्याची मोटर जळाली आणि तो गायब. जळाली की जाळली ते कधी कळलं नाही. पुन्हा रुमाल, पुन्हा गांजा. पुढच्या वर्षी त्याला जळगावला एका डॉक्टरांकडे ठेवलं. तिथून तो भिंतीवरून उडी मारून पळाला. एकदा शालिग्रामनं पुन्हा दोर हातात घेतला होता. मग तो दोर त्यानं स्वतःच विहिरीत टाकला. एवढाच फरक पडला म्हटलं तर पडला.

सुगंधाबाईच्या पोरीचं घरच्यांनी घाईघाईनं लग्न लावून दिलं, लग्नानं ठिकाणावर येईल म्हणून. भिकुबाईला आमंत्रण होतं. ती गेली. परत आल्यावर लग्न कसं झालं विचारलं तर म्हणाली, "मंडपात पोरगी बसल्या बसल्या झोपत होती. कोनी पाहत नव्हतं तिच्याकडे." त्यानंतर सुगंधाबाईची खबर आली नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर सुकदेव केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो गेलाच. कधी कुणाला इंदूरला दिसायचा, कधी पाचोऱ्याला. एकदा धुळ्यात मारामारीत सापडला, आत जाऊन आला. कुंदाबाईनं त्याचं नाव काढणं सोडलं. शालिग्राम मात्र सावद्याला गेला की हायवेवर उभ्या ट्रकांच्या केबिनींकडे बघत चालायचा. घाबरून बघायचा की आशेनं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भिकुबाईनं त्या सुमारास भावाकडे एक मागणं केलं. मागच्या अंगणात कुटाराची, गुरांच्या भुशाची खोली होती, ती तिनं मागून घेतली. स्वतः सारवली. तिथं वेगळी चूल मांडली आणि निंदणीच्या कामाला मजुरीनं जायला लागली. भावाच्याच शेतात गेली तरी बाकीच्या बायकांबरोबर रांगेत, तेवढीच मजुरी घेऊन. कुंदाबाईला सुरुवातीला लाज वाटली, मग सवय झाली. कुणाच्या घरी आजारपण आलं आणि माणूस विचारायला आला की भिकुबाई आधी म्हणायची, "तुमच्या घरातलं कोन येऊ राह्यलं, ते सांगा. मंग मी पाहीन." काहींना ते खटकलं. काही मात्र दुसरं माणूस घेऊन यायचे, आणि मग ती जायची.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात एके दुपारी सुकदेव आला. मी तेव्हा गावातच होतो, गल्लीत शिरताना पाहिला त्याला. तेवीस वर्षांचा, पण चाळिशीचा वाटत होता. पुढचा एक दात नव्हता. तो बापाच्या दारात थांबला नाही, बाजूच्या बोळातून थेट मागे गेला.

भिकुबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप बाजूला सरकवून त्याला बसायला जागा केली. कळण्याची भाकरी होती, ठेचा होता. तो जेवला. ताटली त्यानं स्वतः धुतली.

"कुठी राह्यतो?"

"पाचोऱ्याले. टायरच्या दुकानात हाये."

तिचा हात शेंगांवर थांबला. "सोल्युशन हाताशीच असेल मंग."

"हाताशीच हाये."

"घेतो का अजून?"

सुकदेव अंगणाकडे बघत राहिला. पूर्वी असं विचारलं की त्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं.

"घेतो कधी कधी," तो म्हणाला. "पहिल्यासारखं नाई. पन घेतो."

भिकुबाईनं मान हलवली. तिनं त्याला शपथ घातली नाही, डॉक्टर वाणींची आठवणही दिली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बापाले भेटून जाय."

"काय बोलू?"

"बोलू नोको. बसून जाय थोडा."

तो पुढे गेला. शालिग्राम ओट्यावर होता. दोघं पायरीच्या दोन टोकांना बसले. शालिग्रामनं तंबाखूची डबी पुढे केली आणि मग काय केलं ते लक्षात येऊन परत खिशात घातली. कुंदाबाई दारात आली, चहा ठेवून आत गेली. कपबशी या वेळी तिनं लांबून सरकवली नाही, जवळ आणून ठेवली. एवढंच. पोरगं शेवटच्या एसटीनं पाचोऱ्याच्या वाटेला लागलं.

तो त्यानंतरही अधूनमधून यायचा. कधी बरा यायचा, कधी वास मारत यायचा. वास येत असला की भिकुबाई त्याला घरात घेत नसे. अंगणातच भाकरी द्यायची, आणि दार लावून घ्यायची. दाराच्या आत ती किती वेळ उभी असायची, ते खालच्या फटीत दिसणाऱ्या तिच्या पायांवरून कुंदाबाईला कळायचं.